बांधावरून चालणारं बोट

माझी भावजय सुरभी दिवसभर फोनवर बोट टेकवत बसते आणि त्याचा तिला पगार मिळतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. मी पेणला पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करते. पीठ कुटायचं, लाटायचं, गच्चीवर वाळत घालायचं, कावळे हाकत बसायचं, तेव्हा कुठे एक पाकीट भरतं. आणि ही बाई पंख्याखाली बसून फोनला टिचक्या मारणार! मी आईला स्पष्ट सांगितलं होतं, पोरगी गोड आहे, पण हिच्या हाताला काम नाही.

माझा भाऊ मिथुन रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. तिथेच कधीतरी, कोणाच्या तरी लग्नात, ही भेटली. वडील दिनानाथ, रोह्याच्या आतल्या बाजूला भात आणि वाल करणारे. हिने कॉलेज रोह्यातच केलं, थोडे दिवस पुण्यात नोकरी केली, मग कंपनीने घरून काम दिलं आणि ही लग्न करून थेट आमच्या खाडीकाठी येऊन बसली. पुण्याची कंपनी, रोह्याची मुलगी, आणि काम आमच्या पडवीत. आईने तिला जुनं शिवणयंत्राचं टेबल दिलं. त्यावर लॅपटॉप, शेजारी पाच-सहा जुने-नवे फोन ओळीने मांडलेले. बघणाऱ्याला वाटावं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय.

"म्हणजे नक्की करतेस काय गो?" एकदा मी विचारलंच. विचारलं म्हणजे जरा चढ्या आवाजातच.

ती हसली. सुरभीला राग येत नाही, हा तिच्यातला एक मोठा दोष आहे. भांडायला मजाच येत नाही. म्हणाली, "ताई, काही ॲप बाहेरून ॲप दिसतात, पण आत वेबसाइटच असते. एकदा लिहायचं आणि सगळ्या फोनांवर चालवायचं. हायब्रिड म्हणतात त्याला. मग होतं काय, एका फोनला बोट कळतं, दुसऱ्याला कळत नाही. बटन दिसतं, माणूस दाबतो, काहीच होत नाही. असं झालं की मला बोलावतात."

"आणि तू काय करतेस?"

"बोट कुठे अडलं ते शोधते."

मग तिने मला दाखवलं. कुठल्याशा दवाखान्याचं ॲप होतं. नंबर लावायचं बटन मेलेलं. सुरभीने पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीभोवती लाल कड येईल असं काहीतरी लिहिलं. बटनाला कड, चित्राला कड, अक्षरांना कड. आणि बघते तर सगळ्यांच्या वर एक अख्खा पडदाभर लाल चौकोन! मघाशी बंद केलेली खिडकी नुसती दिसेनाशी झाली होती, गेली नव्हती. बोट तिच्यावरच पडत होतं. हे मला लगेच समजलं. पापडांवर घातलेलं पातळ प्लास्टिक काढायला विसरून पापड उचलायला जाते तेव्हा माझंही हेच होतं.

आणखी एक गोष्ट तिने तेव्हाच सांगितली होती. बोट टेकलं, जागेवरून हललं नाही आणि उचललं, तर फोन त्याला टॅप समजतो. मधे बोट सरकलं तर फोनला वाटतं, या माणसाला पान सरकवायचं आहे. मग बटनाला काही कळवतच नाही. मी मान डोलावली आणि विसरून गेले. तीही विसरली असावी, नाहीतर पुढचं रामायण झालं नसतं.

आमचं गाव वडखळच्या पुढे, धरमतरच्या खाडीकडेला. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी आणि शेत यांच्या मधे एक लांबच लांब मातीचा बांध, तोच आमचा राखणदार. खेकडे त्याला भोकं पाडतात, उधाणाचं पाणी त्या भोकातून वाट काढतं आणि बघता बघता बांध फुटतो. त्याला आम्ही खांड म्हणतो. लवकर कळलं तर पेंढ्याचे भारे आणि चिखल घालून बुजवता येते. उशीर झाला की खाडी शेतात. मग ते मीठ धुऊन जायला पावसाळा घालवावा लागतो, जमीन नुसती पांढरी पडून राहते.

दोन वर्षांपूर्वी हेच झालं. ज्याने खांड पाहिली त्याने पळत अंगणात येऊन घाईत फोन केला, "उघाडीच्या पुढं, लवकर या!" पाणी सोडायचे दरवाजे, म्हणजे उघाड्या, आमच्या बांधाला दोन. वारा एवढा की पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. माणसं भारे घेऊन एकीकडे धावली आणि खांड दुसरीकडे. खारं पाणी शिरलं ते नेमकं आईच्या शेतात. बाबा गेल्यापासून ते शेत तीच करते. मागचा पावसाळा तिने नुसता बघत काढला. यंदा माती गोडी झाली म्हणून पुन्हा लावणी केली. लावणी आटोपून घरी आली तेव्हा पाय धुता धुता म्हणाली, "आता गेलं ना, तर मी नाय करनार परत. बस झालं."

आई असं बोलणारी बाई नाही. त्या दिवसापासून कंपनीचं काम आटोपलं की सुरभी बांधाचं ॲप करायला बसायची. खांड दिसली की नकाशात जागा दाखवायची, लगेच कमिटीच्या सगळ्यांचे फोन खणखणतील आणि जागा लाल दिसेल.

बांधाच्या कमिटीचे म्होरके कमळाकरकाका. आमच्या बाबांचे चुलतभाऊ, मिठागरात जन्म काढलेले. तोंडाने फटकळ. ते म्हणाले, "आतल्या गावची पोर आमाला बांध दावनार? बरं, दाव. पन अवसेच्या उधानाच्या आदी चालवून दाव. नाय चाललं तर हा इषय परत काढायचा नाय. आपला फोन बरा."

पहिलं ॲप फारच हुशार होतं. फोन जिथे आहे तीच जागा आपोआप पकडायचं. गावात चाचणी घेतली. काकांनी बांधावर जाऊन पाहणी केली, घरी आले, हातपाय धुतले, फळीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला आणि कळवलं. खांड काकूंच्या स्वयंपाकघरात पडली! चिखलात फोन घेऊन जातो कोण? सगळ्यांचे फोन घरात, आणि बांध तिकडे. काकू अजून मला विचारतात, "माज्या चुलीपाशी पानी आलं का गो?"

मग सुरभीने दुसरं केलं. साधा नकाशा, खाडीच्या कडेने बांधाची जाड रेघ, रेघेचे तुकडे. ज्या तुकड्यावर टॅप कराल तो लाल. माझ्या हातात चाललं, मिथुनच्या चाललं. माहेरी रोह्याला गेली तेव्हा तिथल्या शेतांचा तसाच नकाशा करून दिनानाथकाकांच्या हातात दिला. म्हातारा फोन घ्यायलाही घाबरतो, पण त्याने "पाणथळीचं वावर" म्हणत पहिल्या फटक्यात नेमकं बोट ठेवलं. सुरभी खुशीत परत आली.

देवळापुढे सगळे जमले. काकांनी बोट लावलं आणि बांध निसटला. खरंच! अख्खा नकाशा पडद्यावरून घसरत बाजूला गेला आणि काकांच्या बोटाखाली नुसती खाडी उरली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. "तुजा बांद पलाला गो!" काका ओरडले आणि देऊळ हसलं. मिठागरातल्या ठमाबाईंनी करून पाहिलं, त्यांचाही पळाला. सुरभीने तोच फोन हातात घेऊन टॅप केलं तर तुकडा झटकन लाल. तिचा चेहरा पडला. "माझ्या हातात चालतं" हे तिच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे म्हणे.

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. ओलं बोट लावून पाहिलं. चिखलाचं बोट लावून पाहिलं. माझा पापडाच्या लाटीचा तेलकट अंगठासुद्धा मागून घेतला. लाल कडा लावल्या, अदृश्य झाकण कुठेच नव्हतं. पुण्याच्या मित्रांना विचारलं, ते म्हणाले दाबायची जागा मोठी कर. केली. आमचा बांध नकाशात गोवा हायवेएवढा रुंद झाला, तरी काकांच्या हातून पळायचा तो पळालाच. अवस जवळ येत होती.

मी भडकले. सुरभीवर नाही, गावावर. "अडाणी आहेत सगळे! एक बोट धड टेकवता येत नाही. दे सोडून, काकांचा नंबर टाक मोठ्या अक्षरात आणि हो मोकळी."

"बोटाची चूक नसते ताई," ती म्हणाली. "मी त्यांना सारखं सांगतेय, दाबा, दाबा. ते करतायत काहीतरी दुसरं. काय करतायत ते मी नीट बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई पडवीत जवळा निवडत बसली होती. मी तिथेच होते. सुरभी फोन घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसली. दाबा म्हणाली नाही, टॅप म्हणाली नाही. नुसतं विचारलं, "आई, त्या वर्षी खांड कुठे गेली होती हो?"

आईने हात पदराला पुसले. बोट ठेवलं ते खांडीवर नाही, देवळावर. आणि तिथून ते निघालं. "हितना निगायचं. ही धाकली उघाडी. मंग कमलाकरचं मिठागर. मंग ती वाकडी बाभूल हाय बघ. मंग मोठी उघाडी. जरा फुडं..." बोट पडद्यावरून एकदाही न उचलता चाललं होतं. नकाशा कधीच घसरून गेला होता, पण आईचं लक्षच नव्हतं. ती पडद्यावर नव्हतीच, बांधावर होती. "हां. हितं." म्हणून बोट थांबलं, तेही तसंच टेकलेलं राहिलं.

सुरभी आधी आईच्या बोटाकडे बघत राहिली आणि मग अशी हसत सुटली की जवळ्याचं सूप कलंडलं.

मला ते कळायला वेळ लागला, आणि मी तर त्या बांधावर खेळून वाढलेली! रोह्याकडे प्रत्येक वावराला नाव असतं. पाणथळीचं, आंब्याखालचं, वरकस. नाव घेतलं की माणूस थेट तिथे बोट ठेवतो. आमचा बांध एकच, लांब, सगळीकडे सारखाच दिसणारा. त्यावरची जागा सांगायची तर देवळापासून चालत जाऊनच सांगावी लागते. आमच्या गावात कोणीही विचारा, हातवारे करत आधी तुम्हाला देवळात नेतील. काका काय, ठमाबाई काय, सगळे बोटाने बांधावरून चालत होते, आणि फोन बिचारा समजत होता की यांना नकाशा सरकवायचाय.

मला वाटलं आता ती सगळ्यांना शिकवणार. तिने उलटं केलं. नकाशा जागेवर खिळवून टाकला, कितीही ओढा, हलणार नाही. बोट रेघेवर आलं की त्याच्यासोबत उजेड सरकणार आणि वर नाव दिसणार, धाकटी उघाडी, मिठागर, वाकडी बाभूळ. बोट जिथून उचलाल ती जागा खांडीची. काकांनी सुरभीच्या फोनवर देवळापासून बोट चालवलं, मोठ्या उघाडीपाशी उचललं आणि त्यांच्या खिशातला फोन खणखणला. काकांनी पुन्हा केलं. मग पुन्हा. शेवटी मला सांगावं लागलं, "काका, पुरे, गाव पळत येईल."

"बरी हाय," काका म्हणाले. ॲप की सुरभी, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

पण सुरभीचं मन भरलं नव्हतं. "आई बोट उचलत नाहीत ताई. सांगून झालं तरी टेकवूनच ठेवतात." म्हणून तिने आणखी एक गोष्ट घातली. बोट एकाच जागी जरा वेळ थांबलं, तरी तीच खूण समजायची. उचलायची वाट बघायची नाही. एका बाईसाठी एवढा खटाटोप, मी म्हटलं. तिने खांदे उडवले.

आषाढातली अवस आली. अवसेची भरती आमच्याकडे भर दुपारी चढते. मिथुन सकाळच्या शिफ्टला गेलेला. गावात वीज गेली होती आणि सुरभीची कंपनीची मीटिंग होती, म्हणून ती लॅपटॉप उचलून पेणला माझ्या घरी आली होती. मी पाकिटं भरत होते. पावसात पापड वाळत नाहीत, उन्हाळ्यातले डबे उघडायचे आणि भरायचे.

तिचा फोन खणखणला. पाठोपाठ माझा. कमिटीत नसतानाही मी ते ॲप घेऊन ठेवलं होतं, उगाच.

बांधाची रेघ होती. मोठी उघाडी, तिच्या पुढे लाल. खाली नाव, बायजाबाई. माझी आई. आणि लाल झालेला तुकडा आमच्या शेताच्या कडेचा.

आईचं "बस झालं" हेच कानात घुमत होतं. सुरभीने आईला फोन लावला, आईने उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. ती मीटिंगमधल्यांना "आमचं शेत" एवढंच म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. दोघी तशाच निघालो. एसटीची वाट बघायची सोय नव्हती, रिक्षा केली. वडखळच्या नाक्यावर नेहमीसारखे ट्रक अडलेले. मी रिक्षावाल्यावर ओरडले, ट्रकवाल्यांवर ओरडले, समोर दुसरं कोणी असतं तर त्याच्यावरही ओरडले असते. सुरभीची नजर हातातल्या फोनवर. एकदाच म्हणाली, "लाल अजून लुकलुकतंय, बोट टेकलेलं असेपर्यंतच ते लुकलुकतं. बोट तिथेच आहे."

मला त्याचा अर्थ काही लागला नाही.

गावात शिरलो तर देवळापाशी माणसं पाय धूत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला पेंढा चिकटलेला. काकांनी लांबूनच हात हलवला. "बुजवली! हंड्याएवडं भोक होतं. सगले सरल तितंच गेलो, कुटं शोदायला लागलं नाय. थोडं पानी शिरलं, ते उघाडीतना काढू." मग आवाज उतरवून म्हणाले, "पन घरी जा आदी. तुजी आय ऐकत नाय कोनाचं."

आम्ही धावलो. आई पडवीत उंबऱ्याला टेकून बसली होती. पायाला बांधावरचा चिखल तसाच, वाळलेला. मांडीवर फोन, फोनवर बोट. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. समोर ठमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, वैतागलेली. "सांगून दमले, खांड बांदली म्हनून. पानीसुदा घेत नाय. फोन वाजतोय तर तो पन उचलत नाय!"

"आई, अगं काय करतेस?" मी ओरडलेच. "झालं ना सगळं!"

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. ती सुरभीला म्हणाली, "पोरी, बघ बरं, नीट धरलंय ना? बोट काडलं आनि परत फुटलं तर? म्हनून धरून बसले. बाकीच्यांचं काय, त्यांना यातलं कलत नाय. तू सांगशील तवा सोडीन."

सुरभी तिच्या पायाशी खाली बसली. तिने फोनकडे बघितलं, मोठ्या उघाडीच्या पुढे तो लाल तुकडा अजून आईच्या बोटाखाली होता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. दोन्ही हातांनी आईचा हात धरला.

"नीट धरलं होतंत आई," ती म्हणाली. "आता सोडा. शेत राहिलं."

मग आईने बोट उचललं.